नारा सम्राज्ञी : इतिहासातली आणि पडद्यावरची

इसवी सन १७६५ चा वसंत. चीनचा मांचू सम्राट छिएनलुंग आपल्या चौथ्या दक्षिणयात्रेस निघून हांगचौ येथे मुक्कामाला होता. बरोबर वृद्ध राजमाता होती, सम्राज्ञी होती, काही निवडक राण्या होत्या. मांचू दरबाराची शिस्त अशी की सम्राटाने कोणत्या वेळी काय खाल्ले आणि ताटातले कोणाला काय पाठविले याचीही रोज नोंद व्हायची. त्या वर्षी चिनी पंचांगात दुसरा महिना अधिक आला होता. त्या अधिक महिन्याच्या अठराव्या तिथीस सकाळच्या जेवणाच्या वेळी सम्राटाने सम्राज्ञीला खाद्यपदार्थ पाठविल्याची नोंद आहे. त्याच दिवशी संध्याकाळच्या नोंदीत इतर राण्यांची नावे आहेत. सम्राज्ञीचे नाव नाही. त्यानंतर त्या यात्रेच्या एकाही पानावर ते पुन्हा येत नाही.

सकाळ आणि संध्याकाळ यांच्यामध्ये काय घडले?

ही सम्राज्ञी नारा कुळातली. जन्म १७१८ चा. म्हणजे त्या वेळी ती सत्तेचाळीस वर्षांची होती. तिला जलमार्गाने तातडीने बीजिंगला परत पाठविण्यात आले. सम्राटाचा जावई फुलुंगआन सोबत होता. सम्राट राजधानीत परतल्यावर तिला आजवर मिळालेल्या चारही पदांच्या सनदा काढून घेण्यात आल्या. दासी दोनच उरल्या. पुढच्या वर्षी, १७६६ च्या ऑगस्टमध्ये, ती वारली. सम्राट तेव्हा राजधानीबाहेर, उत्तरेच्या मुक्कामी होता. तो परतला नाही. सम्राज्ञीच्या इतमामाने अंत्यविधी करू नयेत, एक पायरी खालच्या राणीचे करावेत, असा हुकूम तेवढा त्याने पाठविला. आणि प्रत्यक्षात तेवढेही तिच्या वाट्याला आले नाही. तिला स्वतःची कबर मिळाली नाही. सहा वर्षांपूर्वी वारलेल्या दुसऱ्या एका राणीच्या भूमिगत दालनात तिची शवपेटी ठेवण्यात आली. मरणोत्तर नाव नाही, वार्षिक नैवेद्य नाही. पंधरा वर्षे चीनची सम्राज्ञी असलेल्या स्त्रीचा शेवट हा असा झाला.

कारण काय? १७६६ च्या फर्मानात सम्राट म्हणतो, तिची वृत्ती एकाएकी पालटली, राजमातेशी ती सुनेच्या धर्माने वागली नाही, हांगचौ येथील तिचे वर्तन वेडसरपणाचे होते. एवढेच. खरी गोष्ट सम्राटाच्या तोंडून बाहेर पडली ती आणखी बारा वर्षांनी, १७७८ साली. तिने आपले केस कापले होते.

मराठी वाचकाला या वाक्याचा अर्थ फारसा समजावून सांगावा लागू नये. आपल्याकडे केशवपनाचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना स्त्रीचे केस आणि नवऱ्याचे असणे-नसणे यांचे नाते कळते. मांचूंची रीत वेगळी होती. तेथे मुंडन नव्हते. पण नवरा किंवा सासू-सासऱ्यांसारखे वडीलधारे माणूस वारले म्हणजेच स्त्रीने केस कापायचे, एरवी कात्री लावायची नाही, असा दंडक होता. नवरा जिवंत आहे, सासू जिवंत आहे, दोघेही त्याच मुक्कामावर आहेत, आणि सून केस कापते! तिने तोंडाने एक शब्द काढला नसला तरी जे म्हणायचे ते म्हणून झाले होते.

दरबारी इतिहासातल्या तिच्या चरित्राच्या ओळी थोड्याच आहेत. पण त्यांतला क्रम मोठा बोलका आहे. आधी तिने सम्राटाच्या इच्छेविरुद्ध काहीतरी केले वा म्हटले; मग केस कापले; मग सम्राटाचा राग वाढला. केस कापणे ही आरंभाची गोष्ट नव्हे. त्याआधी एक संवाद झाला होता, आणि तो कोणी लिहून ठेवला नाही.

ज्यांनी विचारले त्यांचे काय झाले तेही पाहावे. राजकुळातल्याच अयुंगआ नावाच्या अधिकाऱ्याने तिची बाजू घेतली, तो हेइलुंगच्यांगच्या सीमेवर हद्दपार झाला. १७६६ साली ली यूमिंग नावाच्या माणसाने तिचे सुतक रीतसर पाळावे असा अर्ज केला. त्याची रवानगी दूर पश्चिमेस इली येथे झाली. १७७८ साली चिन त्सुंगशान नावाच्या एका साध्या विद्यार्थ्याने सम्राटाच्या वाटेत उभे राहून अर्ज दिला. त्याचे डोके उडविण्यात आले. सम्राटाने केस कापल्याची गोष्ट उघड केली ती याच अर्जाला उत्तर देताना. साठ वर्षे राज्य करणाऱ्या, हजारो कविता लिहिणाऱ्या, जगातल्या सर्वांत मोठ्या साम्राज्यांपैकी एकाच्या स्वामीला एका मृत स्त्रीविषयीचा एक प्रश्न सहन होत नव्हता.

इतिहासात असे कोरे पान सापडले की कथाकार तेथे धावणारच. त्याला दोष देण्याचे कारण नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात चीनमध्ये एक विलक्षण योग आला. याच सम्राटाच्या अंतःपुरावर दोन प्रचंड मालिका महिन्याभराच्या अंतराने सुरू झाल्या. जुलैमध्ये आली ‘येनशी महालाची कथा’, सत्तर भागांची. ऑगस्टमध्ये आली ‘रूयी-चरित्र’, सत्त्याऐंशी भागांची. काळ तोच, माणसे तीच. पण पहिलीत वेइ कुळातली राणी नायिका आणि नारा सम्राज्ञी खलनायिका; दुसरीत नारा सम्राज्ञी, म्हणजेच रूयी, नायिका आणि वेइ राणी खलनायिका! एकाच खटल्याचे दोन निकाल, आणि दोन्ही एकमेकांच्या उलट. इतिहासाच्या अभ्यासकाने या दोहोंकडे बारकाईने पाहावे असे मला वाटते ते यासाठीच.

आधी गुणांकडे वळू. ‘रूयी-चरित्र’ हे लिउ ल्येनत्झ या लेखिकेच्या कादंबरीवर बेतलेले असून पटकथाही तिचीच आहे. नायिकेचे काम चोउ शुन या थोर अभिनेत्रीने केले आहे, सम्राटाचे हुओ च्येनह्वा याने. ही म्हटली तर प्रेमकथा आहे. पण प्रेम जमण्याची नव्हे, विरण्याची. लहानपणापासून एकमेकांना ओळखणारी दोन माणसे, एक सम्राट होतो, दुसरी त्याच्या अनेक बायकांपैकी एक. तो वाईट नाही. तो फक्त दिवसेंदिवस अधिक सम्राट होत जातो. संशय ही त्याची सवय होते आणि क्षमा मागणे त्याला जमेनासे होते. हा बदल मालिका घाई न करता दाखवते. एखाद्या घरातला संसार कसा विटत जातो ते शेजाऱ्याला एका दिवसात कळत नाही, वर्षे जावी लागतात, तशी ही वर्षे आपण बघतो. चोउ शुनचा चेहरा हे सगळे न बोलता सांगतो. राजवाडा सुंदर आहे, रेशीम सुंदर आहे, पण थोड्या वेळाने डोळ्यांना त्या सौंदर्याचाच शीण येऊ लागतो. आणि दिग्दर्शकाला तेच अभिप्रेत असावे.

‘येनशी महालाची कथा’ अधिक चपळ आहे. भरतकाम करणारी एक मुलगी बहिणीच्या मृत्यूचा छडा लावण्यासाठी राजवाड्यात शिरते आणि एकेका शत्रूला चीत करीत राणीपदाला पोचते. ती जगभर पाहिली गेली. तिचे मोठे बळ हस्तकलेत आहे. रंग भडक नाहीत. जुन्या रेशमाचे निवलेले रंग आहेत. रेशमी मखमलीची फुले, हाताने केलेले भरतकाम यांना तेथे मानाची जागा आहे. राण्यांच्या प्रत्येक कानात तीन-तीन डूल आहेत. ही प्रेक्षकाला भुलविण्यासाठी केलेली सजावट वाटेल. पण एका कानात तीन डूल ही मांचू स्त्रियांची जुनी रीत होती, आणि ती मोडत चालली म्हणून १७७५ साली खुद्द छिएनलुंगने फर्मान काढून कानउघाडणी केली होती. छिएनलुंगच्या पहिल्या सम्राज्ञीचे, फुचा कुळातल्या राणीचे, चित्रही या मालिकेत इतिहासाला धरून आहे. ती सोन्यामोत्यांऐवजी कृत्रिम फुले माळीत असे, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. १७४८ साली पूर्वेच्या यात्रेहून परतताना ती वारली तेव्हा सम्राटाने शोकाची दीर्घ रचना केली, तिचा महाल ती होती तसाच ठेवला. आणि सुतकाचे शंभर दिवस संपण्यापूर्वी डोके भादरले म्हणून बड्या बड्या अधिकाऱ्यांना शिक्षा फर्माविल्या. तिच्या मृत्यूनंतर तिच्या जागी आली ती नारा. १७५० साली ती सम्राज्ञी झाली. मेलेल्या सवतीशी स्पर्धा करणे जिवंत सवतीशी स्पर्धा करण्यापेक्षा कठीण असते, हे सांगायला इतिहासकार कशाला हवा!

आता दोष. ‘येनशी’त नारा प्रारंभी सालस आहे, माहेरावर आलेल्या आपत्तीने तिचे मन कडवट होते आणि पुढे ती कारस्थानांची खाण बनते. अखेर ती केस कापते ते एका फसलेल्या बंडाच्या धांदलीत. त्या बंडाला इतिहासाचा आधार नाही. जी कृती तिच्या आयुष्यातली सर्वांत अर्थपूर्ण, ती येथे पराभूत खलनायिकेचा थयथयाट ठरते. सम्राटाने १७६६ साली ‘वेडसरपणा’ म्हटले होते. ही मालिका, नकळत का होईना, त्याचीच री ओढते.

‘रूयी-चरित्रा’चे दोष निराळे आहेत. तारुण्यातल्या प्रसंगांत चाळिशीच्या आसपासचे नट-नटी पंधरा-सोळा वर्षांची मुले म्हणून वावरतात, ते प्रथम डोळ्यांना खटकते. पण तो किरकोळ दोष झाला. मोठा दोष असा की नायिकेला मोठे करण्यासाठी शेजारच्यांना लहान करण्यात आले. जिच्यासाठी सम्राट आयुष्यभर झुरला ती फुचा सम्राज्ञी येथे सवतींना मूल होऊ नये म्हणून बांगड्यांत औषध दडवून भेट देते. बालपणीचे प्रेम, मूळची थोरली वधू रूयीच होणार होती ही कल्पना, हेही कथेचे. इतिहासात थोरल्या पत्नीचे स्थान १७२७ पासून फुचाचेच होते; नारा पुढे दुय्यम पत्नी म्हणून आली. आणि वेइ! वेइ येथे स्वार्थासाठी प्रियकराला टाकणारी, विषे घालणारी, ज्या ज्या अनर्थाला कर्ता सापडत नाही त्या प्रत्येकाची कर्ती. ऐंशी भागांपैकी कितीतरी भाग तिच्या कारस्थानांत खर्ची पडले आहेत. प्रेक्षक थकतो, आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो.

इतिहासातली वेइ कोण होती? १७२७ सालचा जन्म. वडील राजगृहाच्या सेवक-वर्गातले. अशा घरांतल्या मुलींची दरवर्षी राजवाड्यातल्या दासीपणासाठी निवड होत असे. वरिष्ठ मांचू घराण्यांतल्या मुलींची निवड दर तीन वर्षांनी, आणि ती राणीपदासाठी. १७४५ पासून तिचे नाव राण्यांच्या यादीत दिसते. १७५६ ते १७६६ या दहा वर्षांत तिला सहा मुले झाली. १७६५ साली, नारा परत पाठविली गेली त्याच वर्षी, ती सम्राज्ञीखालच्या सर्वोच्च पदाला पोचली. छिएनलुंगने त्यानंतर सम्राज्ञी कधीच केली नाही. वेइ १७७५ साली वारली आणि वीस वर्षांनी, तिचा मुलगा वारस म्हणून जाहीर झाला तेव्हा, तिला सम्राज्ञीपद मरणोत्तर मिळाले. तो मुलगा म्हणजे च्याछिंग सम्राट. एकीचा अस्त आणि दुसरीचा उदय एकाच वर्षातले; एवढ्यावरून कथाकारांनी त्यांचे वैर गृहीत धरले. पण तारखा जुळल्या म्हणजे कारण सापडले असे होत नाही.

उलट एक नोंद अशी आहे की जिच्याकडे दोन्ही मालिकांनी पाहिले असते तर बरे झाले असते. नाराचा मुलगा युंगची आईनंतर दहा वर्षे जगला. १७७६ साली तो वारला तेव्हा त्याला कसलीही पदवी नव्हती. बापाने ती कधी दिली नाही. १७९९ साली छिएनलुंग वारला, आणि त्याच वर्षी नव्या सम्राटाने या सावत्र भावाला मरणोत्तर ‘पेइल’ ही राजपुत्राची पदवी बहाल केली. नवा सम्राट कोण? वेइचा मुलगा! घराघरांत पिढीजात वैर पेरून ठेवणाऱ्या बाईच्या पोटी आलेला मुलगा हे पहिल्याच वर्षी करतो, असे मानणे मला तरी जड जाते.

येथे या दोन्ही मालिकांचे समान वैगुण्य हाती लागते. एका स्त्रीला न्याय द्यायचा तर दुसरीला आरोपी करावे लागते, अशी त्यांची समजूत दिसते. आणि या खटल्यात ज्याच्या सहीशिक्क्याने सनदा गेल्या, दासी गेल्या, कबर गेली, तो मात्र साक्षीदार म्हणून उभा राहतो; फार तर फसविला गेलेला नवरा म्हणून. आपल्याला हे नवे नाही. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याचा खून झाला. तलवारी पुरुषांच्या, सत्तेची हाव पुरुषांची, पण लोकांच्या तोंडी राहिली ती आनंदीबाई आणि तिने केलेला ‘ध’ चा ‘मा’. कागदपत्रांची चिकित्सा इतिहासकारांनी पुष्कळ केली. लोकांच्या मनातला निकाल मात्र कधीच लागून गेला आहे. अंतःपुरातली बाई दोषी ठरली की बाहेरच्या दिवाणखान्यात कोणाला काही विचारावे लागत नाही. दोन देश, दोन दरबार, पण सोय तीच.

आणि अंतःपुर म्हणजे तरी काय? सम्राज्ञीखाली सात पायऱ्या. सम्राज्ञीला वर्षाला १००० लियांग चांदी, एक लियांग म्हणजे आपले तीन तोळ्यांहून थोडे अधिक. पुढच्या पायरीला ८००, मग ६००, ३००, २००, १००, ५०, आणि सर्वांत खालच्या राणीला ३०. दासीही अशाच मोजून: सम्राज्ञीला दहा, तळाच्या राणीला दोन. नाराजवळ शेवटी दोन दासी ठेवल्या याचा अर्थ आता कळावा. शब्दाने पदच्युत न करता, नोकरांच्या संख्येने तिला दहावरून दोनवर, शिडीच्या तळाशी आणले होते. ही शिडी कोणा कपटी बाईने उभारली नव्हती. ती कायद्याने उभी होती, आणि तिच्यावरून कोणाला चढवायचे, कोणाला ढकलायचे याचा अधिकार एकाच माणसाच्या हाती होता. या शिडीची कथा सांगण्याऐवजी तिच्यावर उभ्या असलेल्या बायकांच्या ढकलाढकलीची कथा सांगणे सोपे असते, आणि अधिक रंगतेही.

२०१९ च्या जानेवारीत बीजिंगच्या एका सरकारी वृत्तपत्रगटाने अशा मालिकांवर टीका केली: राजवाड्यातले ऐषआराम फॅशन होतात, कारस्थाने समाजाचे मन बिघडवतात, मांचू सम्राटांचा गौरव होतो. पाठोपाठ दोन्ही मालिका अनेक वाहिन्यांच्या वेळापत्रकांतून निघाल्या. टीकेतला शेवटचा मुद्दा अगदीच खोटा नव्हता. पण प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करण्याची वाट नाराच्या बाबतीत छिएनलुंगनेही चोखाळली होती, आणि तिने प्रश्न मिटला नाही. चुकीच्या कथेला उत्तर अधिक चांगल्या कथेनेच देता येते.

तसे उत्तर ‘रूयी-चरित्रा’च्या शेवटच्या भागांत आहे, आणि म्हणूनच इतके दोष मोजूनही या मालिकेला मी वरचे स्थान देतो. हांगचौच्या प्रसंगी रूयी सम्राटासमोर उभी राहते. तेथे कोणी वेइ नाही, कोणी विष घातलेले नाही. समोर नवरा आहे आणि झालेली वर्षे आहेत. ती केस कापते आणि सांगते की एके काळी जी दोन तरुण माणसे होती, ती आणि तो, त्यांच्यासाठी हे सुतक आहे. मांचू रिवाजाचा अर्थ येथे अचूक ओळखला आहे. हे वाक्य इतिहासात कोठे नाही. पण इतिहासात जे आहे त्याच्याशी ते विसंगतही नाही. तो न लिहिलेला संवाद पतिपत्नींमध्ये झाला होता, सवती-सवतींमध्ये नव्हे, एवढे या दृश्याला उमगले आहे. ऐंशी भाग मालिका जिला शोधत होती ती नारा येथे क्षणभर सापडते.

अमेरिकेतल्या क्लीव्हलंड येथील संग्रहालयात एक लांब रेशमी चित्रपट आहे. छिएनलुंगच्या दरबारी असलेल्या कास्तिल्योने या इटालियन चित्रकाराने १७३६ साली तो आरंभिला आणि पुढे इतरांनी त्यात भर घातली. त्यावर सम्राट आहे, पहिली सम्राज्ञी आहे, आणि अकरा राण्या ओळीने आहेत. त्यांत वेइ आहे. तरुण, गंभीर, इतर राण्यांसारखीच समोर पाहणारी. त्या चेहऱ्यावर कपट शोधू गेल्यास सापडत नाही. फार मोठे प्रेमही नाही. नारा तेथे नाही.

पंधरा वर्षे सम्राज्ञी असलेल्या स्त्रीचा चेहरा कसा होता हे आपल्याला त्या पटावरून कळत नाही. पडद्यावर तिला दोन चेहरे मिळाले, एक दुष्ट, एक सोशिक. दोन्ही उसने. तिचे स्वतःचे म्हणावे असे एकच कृत्य आपल्यापर्यंत पोचले आहे, आणि तेही ज्याने ते दडविले त्याच्याच तोंडून, बारा वर्षे उशिरा. दडविणाऱ्यालाही ते अखेर सांगावे लागले, हीच त्या कापलेल्या केसांची साक्ष.